भरती-ओहोटीच्या वेळा पाहून नवी मुंबई: पाहुण्यांसाठी दोन दिवसांचा आराखडा

नवी मुंबईला समुद्र आहे असे ऐकून येणारे पाहुणे स्थानकाबाहेर पडताच चौपाटीचा रस्ता विचारतात आणि इथे वाळूची चौपाटी नाही हे कळल्यावर त्यांचा हिरमोड होतो. शहराची पश्चिमेकडची सारी कड ठाण्याच्या खाडीला लागून आहे. ऐरोलीपासून बेलापूरपर्यंत या काठावर तिवरांची राने म्हणजे कांदळवने, ओहोटीला उघडी पडणारी चिखलाची मैदाने, पक्ष्यांनी भरलेले पाणथळ तलाव, कोळीवाडे, छोटी बंदरे आणि एक पडका किल्लाही आहे. हे सगळे पाहण्याजोगे आहे, पण ते कोणत्याही वेळी गेल्यास दिसत नाही, कारण सुमारे सहा तासांनी खाडीचे पाणी पुढे येते किंवा मागे हटते आणि पक्षी, बोटी व मासे विकणाऱ्या बायका यांचे वेळापत्रकही त्याच पाण्यावर ठरते. इथे येणाऱ्या प्रत्येकाने रेल्वेच्या वेळापत्रकाआधी भरतीच्या वेळा पाहाव्यात, असे मी आग्रहाने सांगतो. पुढचा आराखडा त्याच क्रमाने लिहिला आहे.

आधी महिना ठरवावा

खाडीचे मुख्य आकर्षण म्हणजे रोहित पक्षी, ज्यांना आता सगळेच फ्लेमिंगो म्हणतात. पावसाळा संपल्यावर, साधारण नोव्हेंबरपासून, ते कच्छच्या बाजूने येऊ लागतात, जानेवारी ते एप्रिल या काळात त्यांची संख्या सर्वाधिक असते आणि पावसाची चाहूल लागली की मे महिन्याच्या अखेरीपासून ते परततात. यांत दोन जाती असतात. छोटा रोहित अधिक गुलाबी असतो आणि त्याची चोच गडद, जवळजवळ काळपट दिसते, तर मोठा रोहित उंच व फिकट असून त्याच्या गुलाबी चोचीचे फक्त टोक काळे असते. खाडीतले मोठे थवे प्रामुख्याने छोट्या रोहितांचे असतात. ऐरोली ते वाशी या पट्ट्यातील सुमारे १,६९० हेक्टर क्षेत्र २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाले आणि ऑगस्ट २०२२ मध्ये ठाणे खाडीचा समावेश आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत झाला.

फेब्रुवारी हा माझ्या मते सर्वांत चांगला महिना आहे. थवे भरलेले असतात, सकाळी हवेत गारवा असतो आणि पोपटीचा, म्हणजे मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगांचा, हंगामही संपलेला नसतो. एप्रिल-मे महिन्यांत पक्षी दिसतात, पण दमट उकाड्यामुळे सकाळी दहानंतर उघड्यावर थांबणे कठीण होते. लहान मुले किंवा वयस्कर माणसे बरोबर असल्यास हे दोन महिने टाळावेत.

मग तिथी पाहावी

भरतीचे तक्ते मोबाइलवर सहज मिळतात आणि बोटीच्या नेमक्या वेळेसाठी तेच पाहावेत. मात्र कोळीवाड्यांतून आणि कोकणातून पिढ्यान्पिढ्या चालत आलेला हिशोब माहीत असला, तर घरच्या भिंतीवरील दिनदर्शिका पाहूनच प्रवासाची तारीख ठरवता येते. पक्ष शुक्ल असो वा कृष्ण, तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणून पहाटे तीन आणि दुपारी तीनच्या सुमारास भरती असते, तर अष्टमीला ती सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास येते. अमावास्या आणि पौर्णिमा हे दोन्ही दिवस पंधरा धरले की सव्वाअकरा येतात, प्रत्यक्षात भरती बाराच्या आसपास असते. भरतीनंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी होते, तिला इथले कोळी सुकती म्हणतात. हा हिशोब अदमासाचा असून खाडीच्या आतल्या भागात पाणी आणखी थोडे उशिरा पोहोचते, त्यामुळे पाऊण-एक तासाचा फरक गृहीत धरावा.

दुसरी गोष्ट पाण्याच्या उंचीची. अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे उधाणाची भरती येते, तेव्हा पाणी ४ मीटरच्याही वर जाते आणि चिखलाची सगळी मैदाने बुडतात. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते, म्हणजे पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. पाहुण्यांसाठी हा फरक महत्त्वाचा आहे, कारण रोहित पक्षी उघड्या चिखलात चरतात आणि उधाणाने चिखल बुडाला की विश्रांतीसाठी नेरुळ-सीवूड्सच्या तलावांवर उतरतात. भांगाच्या दिवसांत त्यांना खाडी सोडण्याची गरज पडेलच असे नाही, आणि मग तलावावर गेलेला पाहुणा रिकाम्या हाताने परततो.

यावरून माझी शिफारस अशी, की कोणत्याही पक्षातील त्रयोदशी आणि चतुर्दशी हे दोन दिवस धरून यावे. त्या दिवशी भरती सकाळी पावणेदहा ते अकराच्या दरम्यान येते, पाणी उधाणाकडे झुकलेले असते, ऊन अजून तापलेले नसते आणि दुपारनंतरची ओहोटी संध्याकाळच्या फेरफटक्याला मिळते. बोटीलाही पुरेसे पाणी लागते आणि तलावावरचे पक्षीही भरतीलाच येतात, म्हणून या दोन गोष्टी एका सकाळी साधत नाहीत. दोन दिवसांचा आराखडा करण्याचे कारण हेच आहे.

मुक्काम आणि ये-जा

मुक्काम वाशी, नेरुळ किंवा बेलापूर यांपैकी कुठेही, पण स्थानकापासून चालत जाता येईल अशा अंतरावर करावा. मुंबईहून येणारी हार्बर लोकल वाशी, सानपाडा, जुईनगर, नेरुळ, सीवूड्स-दारावे, बेलापूर अशी पनवेलपर्यंत जाते. ठाण्याहून येणारी ट्रान्सहार्बर लोकल ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणेमार्गे तुर्भ्याला येते आणि तिथून काही गाड्या वाशीला, तर काही नेरुळ-पनवेलच्या दिशेने जातात. म्हणून ठाण्याला गाडीत बसण्यापूर्वी फलकावरील शेवटचे स्थानक नीट वाचावे. रविवारी बहुधा देखभालीसाठी मेगाब्लॉक असतो आणि तो नेमका सकाळी उशिरापासून दुपारपर्यंत चालतो, त्यामुळे रविवारचा बेत असल्यास आदल्या दिवशी घोषणा पाहून ठेवावी. स्थानकापासून पुढे मीटरच्या रिक्षा आणि महापालिकेच्या एनएमएमटी बस मिळतात. पत्ता सांगताना सेक्टरचा क्रमांक आणि उपनगराचे नाव दोन्ही सांगावेत, कारण सेक्टर १० वाशीलाही आहे आणि नेरुळलाही.

पहिला दिवस: ऐरोली, तुर्भे, वाशी

सकाळी ऐरोलीचे किनारी व सागरी जैवविविधता केंद्र गाठावे. कांदळवन प्रतिष्ठानच्या या केंद्रातून खाडीत बोटीची फेरी निघते. नोंदणी आगाऊ ऑनलाइन करावी लागते आणि हंगामात शनिवार-रविवारच्या जागा लवकर भरतात, म्हणून तारीख ठरताच पहिले काम नोंदणीचे करावे. सोमवारी केंद्र बंद असते. बोट सुटण्याची वेळ पाण्याप्रमाणे रोज बदलते आणि पाणी कोणासाठी थांबत नसल्यामुळे अर्धा तास आधी पोहोचणे चांगले.

बोट पुढे सरकू लागली की दोन्ही बाजूंना तिवरांची भिंत दिसते. तिवरांच्या बुडाशी चिखलातून वर आलेली बोटभर उंचीची खुंटासारखी मुळे नीट पाहावीत. चिखलात प्राणवायू जवळजवळ नसल्यामुळे हे झाड अशा मुळांनी हवेतून श्वास घेते. पाणथळीच्या कडेला पांढऱ्या फुलांची पांढरी चिप्पीही आहे, जिला २०२० मध्ये महाराष्ट्राचे राज्य कांदळवन वृक्ष म्हणून मान मिळाला. थवा जवळ आला की नाखवा इंजिन मंद करतो. रोहित पक्षी मान खाली वळवून चोच उलटी करून पाण्यात धरतो, जिभेने पाणी आत-बाहेर खेळवतो आणि चोचीच्या कडेच्या बारीक पट्ट्यांतून शेवाळ व सूक्ष्म जीव गाळून घेतो. याच अन्नातील रंगद्रव्यामुळे त्याचे पंख गुलाबी होतात, आणि म्हणून पिल्ले व कोवळे पक्षी राखाडी दिसतात. थव्यात मळकट रंगाचे पक्षी दिसल्यास ते आजारी आहेत असे समजू नये. बोटीत उभे राहणे, ओरडणे किंवा अजून जवळ नेण्याचा आग्रह धरणे पूर्णपणे टाळावे. एकदा थवा उठला की त्याला पुन्हा चरायला बसण्यात बरीच शक्ती आणि वेळ खर्च करावा लागतो.

फेरीनंतर केंद्राचे दालन पाहण्यासाठी तासभर ठेवावा. तिथला देवमाशाचा सांगाडा मुलांना विशेष आवडतो, आणि कांदळवनातून जाणाऱ्या पायवाटेवर संथपणे चालल्यास खेकड्यांची बिळे अगदी पायाशी दिसतात. तिथून ऐरोलीच्या सेक्टर १५ मधील डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्मारक रिक्षाने थोड्याच अंतरावर आहे. बाबासाहेबांच्या जीवनातील छायाचित्रांचे दालन आणि ग्रंथालय हे दोन्ही मन लावून पाहण्यासारखे असल्यामुळे घाई असेल तर स्मारक दुसऱ्या दिवसासाठी ठेवावे, धावत पाहू नये.

मार्च ते मे या काळात आलेल्यांनी दुपारी तुर्भे-वाशीच्या कृषी उत्पन्न बाजार समितीच्या फळबाजारात डोकावावे. खरी उलाढाल पहाटे होते, पण दुपारीही हापूसच्या पेट्या मिळतात आणि एक पेटी घेणाऱ्यालाही व्यापारी नाही म्हणत नाहीत. कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे, तरी बाहेरचा आंबा त्याच नावाने विकला जातो, म्हणून पेटी उघडून खालच्या थरातील फळ हातात घ्यावे, देठाजवळ वास घ्यावा आणि एखादे कापून दाखवण्यास सांगावे. इतर महिन्यांत बाजार वगळला तरी चालेल.

संध्याकाळी पाचच्या सुमारास वाशीच्या सागर विहारला यावे. त्रयोदशीचा दिवस असेल, तर चारच्या आसपास सुकती झालेली असते आणि धक्क्यापाशी चिखल उघडा पडलेला असतो. कठड्याला टेकून पाच मिनिटे स्थिर उभे राहिल्यास आधी नुसता चिखल वाटणारी जागा हलू लागते. निवट्या, म्हणजे चिखलात सरपटणारे छोटे मासे, बाहेर येतात, पुढच्या परांवर भार देत सरपटतात, मधूनच पाठीचा पंख उभारून एकमेकांना दटावतात आणि सावली पडताच बिळात शिरतात. शेकाट्या लांब लाल पायांनी कडेकडेने चालतो, तुतवार चिखलात चोची खुपसत पळतात. समोर खाडीपूल आणि त्यामागे मावळणारा सूर्य असतो. अंधार पडू लागताच डास येतात, त्यामुळे पूर्ण बाह्यांचे कपडे असावेत.

दुसरा दिवस: नेरुळ, सीवूड्स, बेलापूर

भरतीच्या दोन-अडीच तास आधी, म्हणजे चतुर्दशीला सकाळी आठच्या सुमारास, टी. एस. चाणक्य या सागरी प्रशिक्षण संस्थेमागच्या पाणथळीवर पोहोचावे. सूर्य पाठीमागे आणि पक्षी समोर असल्यामुळे छायाचित्रांसाठी सकाळच उत्तम. दुपारनंतर प्रकाश डोळ्यांवर येतो आणि पक्षी नुसते काळे आकार दिसतात. पाणी चढत जाते तसे खाडीकडून लहान-लहान थवे येतात, आणि ते उतरताना उघडलेल्या पंखांचा लाल-काळा भाग क्षणभर दिसतो. दुर्बीण असल्यास ती याच जागी कामाला येते. ८×४२ ची साधी दुर्बीणही पुरते. इथे स्वच्छतागृह किंवा पाण्याची सोय नाही, तेव्हा निघताना तयारीने निघावे.

तिथून सीवूड्सच्या डीपीएस तलावावर जावे. सुमारे ३० एकरांचा हा तलाव भरतीच्या पाण्यावर जगतो आणि हे पाणी आत येण्याचे मार्ग मोकळे असतील तरच इथे पक्षी टिकतात. २०२४ च्या उन्हाळ्यात पाण्याचा ओघ अडल्याने तलाव आटला आणि त्या हंगामात नेरुळ परिसरात रोहित पक्षी मृत्युमुखी पडले. रहिवासी आणि पर्यावरणप्रेमी यांनी सातत्याने आवाज उठवला आणि २०२५ मध्ये तलावाला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा देण्याचा निर्णय राज्य पातळीवर झाला. हा इतिहास पाहुण्यांना माहीत असावा असे मला मनापासून वाटते, कारण बाहेरगावच्या माणसांनी येऊन पाहिलेली, छायाचित्रे काढलेली जागा बुजवणे अवघड जाते. व्यवहाराची गोष्ट म्हणजे, जाण्यापूर्वी तलावात पाणी आहे का, याची स्थानिकांकडे चौकशी करावी. पाणी नसेल तर चाणक्यच्या बाजूलाच अधिक वेळ थांबावे.

पक्षी पाहताना काठावरूनच पाहावे, तलावात उतरू नये, खाण्याचे तुकडे टाकू नयेत आणि ड्रोन मुळीच उडवू नये. बरोबरची मुले दगड मारत असतील तर त्यांना थांबवावे, ओळखीची नसली तरी थांबवावे.

अकरा वाजता बेलापूरला निघावे. पाम बीच मार्गाच्या दक्षिण टोकाशी बेलापूरचा किल्ला आहे. सोळाव्या शतकात जंजिऱ्याच्या सिद्द्यांनी तो बांधला, पुढे तो पोर्तुगीजांकडे आणि अठराव्या शतकात मराठ्यांकडे आला आणि १८१७ मध्ये इंग्रजांनी घेतला. आज तिथे एक बुरूज आणि काही भिंती उरल्या आहेत. राजगड-रायगडाच्या अपेक्षेने येणाऱ्याची निराशा होईल, पण खाडीच्या वळणावर नजर ठेवण्यासाठी ही जागा का निवडली असेल, हे तिथे उभे राहिल्यावर कळते. चिरे सैल असल्यामुळे बुरुजावर चढू नये. जवळच गोवर्धनी मातेचे मंदिर आहे.

तिथून दिवाळे कोळीवाड्यात जावे. या बंदरातून अजूनही मासेमारीच्या होड्या निघतात, आणि होड्या लागल्या की बाजार भरतो. मांदेली, कोळंबी, बोंबील, चिंबोऱ्या, जवळा असे जे त्या दिवशी आले असेल ते मिळते. भाव करण्याआधी "मावशी, आज ताजं काय?" एवढे विचारावे, उत्तर प्रामाणिक मिळते. मासे स्वतः निवडायचे असतील तर कल्ले लाल आहेत का ते पाहावे, आणि चिंबोरी हातात जड लागते का ते तपासावे. कोळणींची छायाचित्रे त्यांना विचारल्याशिवाय काढू नयेत. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते, त्या दिवसांत बाजारात आवक कमी आणि भाव चढे असतात.

जेवण इथेच किंवा बेलापूर-नेरुळच्या आगरी-कोळी खानावळींत करावे. तांदळाची भाकरी, कोळंबीचे कालवण किंवा चिंबोरीचा रस्सा, वर सुक्या जवळ्याची चटणी आणि शेवटी सोलकढी, एवढे मागवले की इथल्या स्वयंपाकाची ओळख होते. चकचकीत हॉटेलांतील मासळीची थाळी सगळीकडे सारखीच असते, म्हणून छोटी खानावळ शोधावी आणि साडेबाराच्या आत बसावे, एकनंतर चांगले जिन्नस संपतात. सोमवार-गुरुवारी आणि श्रावणात मासळी कमी असते. शाकाहारी मंडळींना वाशीच्या सेक्टर १७ मध्ये भरपूर पर्याय आहेत. जानेवारी-फेब्रुवारीत पनवेल-उरणच्या बाजूला कुणाची ओळख निघाली, तर शेतातल्या पोपटीचे आमंत्रण सोडू नये. भांबुर्ड्याचा पाला लावून मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगांची चव हॉटेलात मिळत नाही.

दुपारी उन्हे कलल्यावर बेलापूरच्या सेक्टर ८ मधील आर्टिस्ट्स व्हिलेज पाहावे. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात ही वसाहत आखली. नवी मुंबईची मूळ कल्पना मांडणाऱ्यांत शिरीष पटेल आणि प्रवीणा मेहता यांच्याबरोबर तेही होते, आणि त्यातूनच १९७० मध्ये हे शहर वसवणाऱ्या सिडको या सरकारी संस्थेची स्थापना झाली. वसाहतीत सात-सात घरांचा गट एका छोट्या चौकाभोवती आहे, कोणत्याही दोन घरांची भिंत सामाईक नाही, त्यामुळे प्रत्येकाला आपले घर गरजेप्रमाणे वाढवता यावे अशी योजना होती. अनेक घरे पुढे पाडून नव्याने बांधली गेली, तरी चौकांची रचना आजही ओळखू येते. लोक राहतात ती घरे असल्याने अंगणात न शिरता रस्त्यावरूनच पाहावे. संध्याकाळ नेरुळच्या ज्वेल ऑफ नवी मुंबईच्या तलावाकाठच्या पायवाटेवर घालवावी. मुले असल्यास त्याऐवजी वंडर्स पार्क घ्यावे.

पावसाळ्यात येणाऱ्यांसाठी

जून ते सप्टेंबरमध्ये रोहित नसतात, बोटीही बंद असतात. खारघरचा पांडवकडा हा सुमारे १०७ मीटर उंचीचा धबधबा तेव्हा ऐन भरात असतो, पण तिथे बुडून अनेकांचे जीव गेले आहेत आणि पावसाळ्यात प्रवेशबंदीचे आदेश निघतात. बंदी मोडून कुंडात उतरण्याचा विचारही करू नये, खारघरच्या रस्त्यावरून धबधबा स्वच्छ दिसतो आणि तेवढे पुरेसे आहे.

हाताशी अर्धा दिवस उरला तर

ट्रान्सहार्बर लोकलने ठाणे गाठावे. १६ एप्रिल १८५३ रोजी देशातील पहिली प्रवासी रेल्वे बोरीबंदरहून याच ठाण्यापर्यंत ३४ किलोमीटर धावली होती. स्थानकापासून चालत मासुंदा तलाव, म्हणजे ठाणेकरांची तलावपाळी, आणि काठावरचे कौपीनेश्वराचे मंदिर पाहावे. नौपाड्यात बेसनाच्या पिवळ्या चटणीबरोबर मिळणारा वडापाव खावा, आणि तिखट सोसत असेल तर मामलेदार मिसळ. लांब पल्ल्याच्या बऱ्याच गाड्या ठाण्याला थांबतात, त्यामुळे परतीचे आरक्षण ठाण्याहून केल्यास हा अर्धा दिवस वेगळा प्रवास न करता साधतो आणि सामान घेऊन मुंबईला उलटे जावे लागत नाही.